सत्तरीनंतरचं पाच लाखांचं कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी एक टेबल मांडून बसतो. बँकेतून निवृत्त झालोय, फॉर्म भरायची सवय सुटलेली नाही, एवढंच त्यामागचं कारण. ऑक्टोबर २०२४ पासून टेबलावर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे लोकांच्याच शब्दांत मांडलेत. काही प्रश्न कार्डाचे आहेत, काही सरळसरळ राजकारणाचे. दोन्ही वेगळे काढायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

१. वय वंदना कार्ड म्हणजे नक्की काय? आयुष्मान कार्ड वेगळं आणि हे वेगळं का?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत सुरू झाली. ती गरीब कुटुंबांसाठी होती आणि गरीब कोण, हे २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून ठरवलं होतं. ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता त्यात घ्यायचं ठरवलं. २९ ऑक्टोबरला त्याची सुरुवात झाली. या वयोगटाला जे वेगळं कार्ड मिळतं ते आयुष्मान वय वंदना कार्ड. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा, रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचा उपचार त्यावर होतो. हप्ता भरायचा नाही. साधारण साडेचार कोटी कुटुंबांतले सहा कोटी ज्येष्ठ यात येतील, असा तेव्हाचा सरकारी अंदाज होता.

२. मला पेन्शन आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, रेशनकार्ड पांढरं आहे. माझं नाव कुठल्या यादीत असणार?

यादीची गरजच नाही. सत्तर पूर्ण आणि आधारकार्ड, एवढंच बघतात. माजी सचिव असोत की त्यांच्याकडे धुणंभांडी केलेल्या मावशी असोत, कार्ड एकच. हे बरोबर की चूक, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर सगळ्यांना देणं बरं. गरिबी सिद्ध करायला लावली की सगळ्यात आधी खरा गरीबच गळतो, कारण दाखला काढायला दोन दिवसांचा रोज बुडवणं त्यालाच परवडत नाही.

३. कार्ड काढायला काय लागतं? आईचा अंगठाच उठत नाही.

आधारकार्ड आणि शक्यतो आधारला जोडलेला मोबाइल. 'आयुष्मान' ॲपवरून घरी निघतं, नाहीतर सीएससी केंद्रात (सरकारी सेवांचं ऑनलाइन केंद्र) किंवा अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात. अंगठ्याचा त्रास फार जणांना होतो. जन्मभर राख लावून भांडी घासली, शेतात राबल्या, बोटांवरच्या रेषाच उरल्या नाहीत. केंद्रवाला 'पुन्हा दाबा, जोरात दाबा' म्हणत राहतो. त्याला सांगा, ओटीपीनं कर किंवा चेहऱ्यानं कर, दोन्ही सोय आहे. चेहरा घेताना आजींचा चष्मा काढा आणि त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवा. आमच्या टेबलावर याच युक्तीनं बरीच अडलेली कार्डं निघालीत.

४. बाबा खरे त्र्याहत्तर वर्षांचे, पण आधारवर सदुसष्ट लागलेत. शाळेचा दाखला चालेल का?

कार्डासाठी नाही चालणार. वय आधारवरचंच धरतात. म्हणून आधी दाखला लावून आधार दुरुस्त करा, मग कार्ड. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा दाखला नीट तपासून घ्या. आमच्या पिढीत मास्तरांनी निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनला लावून टाकलाय. त्यातली तारीख चुकली तर सोडून द्या, वर्ष मात्र सोडू नका.

५. पाच लाख माणशी की घरटी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दोन प्रकार आहेत.

तुमचं कुटुंब आधीपासून आयुष्मानच्या यादीत असेल, तर घरचे पाच लाख तसेच राहतात आणि सत्तरीवरच्यांसाठी आणखी पाच लाख वेगळे मिळतात. त्या वेगळ्या रकमेला मुलगा, सून, नातवंडं हात लावू शकत नाहीत.

कुटुंब यादीत नसेल, तर घरातल्या सत्तरीवरच्या सगळ्यांना मिळून पाच लाख. म्हणजे आजोबा अठ्ठ्याहत्तर, आजी बहात्तर. आजोबांच्या बायपासला दीड लाख गेले, तर त्या वर्षात दोघांना मिळून साडेतीन लाख उरले. आजी अजून एकोणसत्तरच्या असतील तर त्यांना यातलं काहीच नाही. कार्ड दोघांची वेगवेगळी निघतात, त्यामुळे माणशी पाच असा समज होतो.

६. आमच्याकडे महात्मा फुले योजना आहेच. मग हे कशाला?

महाराष्ट्रात ही गोष्ट जुनी आहे. १९९७ ची जीवनदायी योजना, २ जुलै २०१२ पासून आठ जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी राज्यभर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, २०१७ मध्ये तिचंच नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मानबरोबर एकत्र चालते. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी कार्डाला कुटुंबामागे दीड लाख होते. २०२३ मध्ये सगळ्या रेशनकार्डधारकांना पाच लाखांचा निर्णय झाला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला.

म्हणजे राज्यातल्या बहुतेक ज्येष्ठांना कागदावर आधीच कवच होतं. नव्या कार्डानं भर पडते ती दोन ठिकाणी: कुटुंबाच्या रकमेवरचा ताण कमी होतो, आणि कार्ड राज्याबाहेर चालतं (प्रश्न १३ पाहा). मात्र 'फुलेचे पाच आणि वय वंदनाचे पाच, झाले दहा' अशी बेरीज स्वतः करू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, संगणकावर शिल्लक बघायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून घ्या.

७. माझ्याकडे सीजीएचएस आहे. मेहुण्यांकडे ईसीएचएस. शेजाऱ्यांचा मेडिक्लेम आहे. आम्ही काय करायचं?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस आणि केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची योजना, या तिघांना निवड करावी लागते: जुनी ठेवा किंवा ही घ्या. निवड एकदाच करायची आहे. घाई करू नका. सीजीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं मिळतात, इथे नाहीत. माझा सल्ला बहुतेकांना 'जुनी ठेवा' असाच असतो.

खासगी मेडिक्लेम आणि कामगारांची ईएसआय असणाऱ्यांवर असं बंधन नाही. ते दोन्ही ठेवू शकतात. मेडिक्लेम चालू ठेवावा का, हे प्रश्न १५ मध्ये.

८. यात काय काय बसतं? डायबेटिसच्या गोळ्या मिळतात का?

गोळ्या मिळत नाहीत. निराशा आधीच करून टाकतो.

बसतं ते दाखल होऊन घ्यायच्या उपचाराचं: बायपास, अँजिओप्लास्टी, मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया, कॅन्सरची केमो. डायलिसिस, केमोसारखे दिवसात होणारे उपचारही आहेत. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात; खासगी विम्यात असते तशी थांबण्याची मुदत नाही, आणि हा या कार्डाचा खरोखर मोठा गुण आहे. दाखल होण्याआधी तीन दिवस आणि घरी सोडल्यावर पंधरा दिवस, एवढ्या काळातल्या तपासण्या-औषधांचा खर्चही पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचारासाठी ठरलेल्या रकमेत, धरलेला आहे. घरी सोडताना हातात पंधरा दिवसांची औषधं मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत, असा अनुभव आहे.

आता न बसणारं. ओपीडीची फी, महिन्याची औषधं, चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, घरी येणारा फिजिओ, रात्रीची बाई. आमच्या संघात मी एकदा सहज विचारलं, गेल्या महिन्यात औषधपाण्याला किती गेले? शेजारच्या काकांनी खिशातून मेडिकलची पावती काढली. बीपीची एक गोळी, साखरेच्या दोन, रक्त पातळ करणारी एक, प्रोस्टेटची एक, वर साखर मोजायच्या पट्ट्या. बिल २,८४० रुपये. पेन्शन त्यांना खासगी कारखान्याची, महिन्याला अडीच हजारांच्या आत. बायपास त्यांची झाली तर एकदा होईल, ही पावती मात्र महिन्याच्या महिन्याला फाटते. पाच लाखांचा आकडा फलकावर शोभतो, पावती कुठल्याच फलकावर येत नाही. या योजनेबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

९. रुग्णालयात गेल्यावर आधी कुणाला भेटायचं?

आरोग्यमित्राला. अंगीकृत रुग्णालयात त्याचं टेबल असतं, बहुधा बिलिंगच्या बाजूला. दाखल होण्याआधी, निदान दाखल होतानाच, 'योजनेतून करायचंय' हे सांगा आणि आधार, वय वंदना कार्ड, रेशनकार्ड जवळ ठेवा. डॉक्टर आजाराचं पॅकेज निवडतात, रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं, मंजुरी आली की उपचार. तातडीच्या वेळी उपचार आधी आणि कागद मागून अशी सोय आहे. एकदा रोखीनं दाखल झालात, चार दिवसांनी आठवण झाली आणि कार्ड पुढे केलं, तर आधीचे पैसे परत मिळणं जवळजवळ अशक्य.

रुग्णालय अंगीकृत आहे का, एवढं पुरत नाही. तुमच्या आजाराच्या विभागासाठी आहे का, हे विचारा. डोळ्यांसाठी अंगीकृत असलेलं रुग्णालय हृदयासाठी नसू शकतं. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेही आधीच कळलेलं बरं.

१०. कार्ड दाखवलं तरी 'वीस हजार डिपॉझिट भरा' म्हणाले. भरायचे का?

मंजूर पॅकेजमधल्या उपचारासाठी पैसे मागायला नकोत, हा नियम. माझ्या थोरल्या बहिणीचा खुबा मोडला तेव्हा आम्हाला एका अंगीकृत रुग्णालयात सांगितलं, 'योजनेचे बेड भरलेत, जनरलमध्ये घेतो, नंतर बघू.' रात्रीचे साडेदहा वाजलेले, ती स्ट्रेचरवर कण्हतेय. मी, जो लोकांना नियम सांगत फिरतो, तोही काउंटरवर बँकेचं कार्ड घासून मोकळा झालो. ते पैसे परत आले नाहीत. तेव्हा भरलेत म्हणून कुणाला मी नावं ठेवत नाही.

तरी तीन गोष्टी करा. 'हे लिहून द्या' म्हणा. या तीन शब्दांवर निम्मी डिपॉझिटं विरतात. भरलेच तर पावती घ्या, 'ॲडव्हान्स' असं मोघम लिहिलेली नव्हे, कशाचे ते लिहिलेली. आणि तिथूनच १४५५५ ला किंवा महाराष्ट्रात १५५३८८ ला फोन लावून तक्रार क्रमांक घ्या.

११. रुग्णालयं टाळतात का? सरकार पैसे देतंच ना?

देतं, पण कधी, हा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणात डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशननं थकबाकीपोटी आयुष्मानची सेवा थांबवली होती. लहान शहरातलं पन्नास खाटांचं रुग्णालय तीन-चार महिने उधारीवर चालू शकत नाही. पॅकेजचे दर कमी आहेत, ही दुसरी तक्रार. शिवाय पंच्याऐंशीच्या रुग्णाला त्याच शस्त्रक्रियेनंतर जास्त दिवस लागतात, साखर वर-खाली होते, अतिदक्षता लागते.

उलट बाजूही आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालात ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी नोंदलेले सापडले. असं काही बाहेर आलं की तपासण्या कडक होतात, पैसे आणखी अडकतात आणि शेवटी स्ट्रेचरवरचा माणूस ताटकळतो.

१२. मोदींची योजना की राज्याची? सरकार बदललं तर कार्ड बंद होईल?

पैसे दोघांचे. बहुतेक राज्यांत शंभरातले साठ केंद्राचे, चाळीस राज्याचे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांत नव्वद-दहा. फोटो कुणाचा छापायचा, यावर मात्र साठ-चाळीसची वाटणी होत नाही.

सत्तरीवरच्यांचं आश्वासन भाजपच्या एप्रिल २०२४ च्या जाहीरनाम्यातलं. योजना सुरू करताना पंतप्रधानांनी दिल्ली आणि पश्चिम बंगालमधल्या ज्येष्ठांची माफी मागितली, कारण ती राज्यं योजनेत नव्हती. बंगालकडे स्वतःची 'स्वास्थ्य साथी' योजना होती. दिल्लीत आम आदमी पक्षानं डिसेंबर २०२४ मध्ये साठीवरच्यांसाठी मोफत उपचारांची 'संजीवनी' जाहीर केली. फेब्रुवारीत सरकार बदललं आणि एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली आयुष्मानमध्ये आली. ओडिशातही तेच: २०२४ मध्ये सत्तांतर, जानेवारी २०२५ मध्ये करार.

यातून माझा अंदाज असा: कार्ड बंद करायची हिंमत कुणी करणार नाही. नाव बदलेल, रंग बदलेल, प्रश्न ६ मधली आपलीच नावं बघा. धोका वेगळ्या जागी आहे. योजना तशीच ठेवून पॅकेजचे दर वर्षानुवर्षं न वाढवणं, देणी लांबवणं, यानं कार्ड पाकिटात राहतं आणि रुग्णालयं यादीतून एकेक करत निघून जातात. त्यावर मोर्चा निघत नाही.

१३. मुलगी बंगळुरूला असते. आम्ही सहा महिने तिकडे. तिथे चालेल? आणि गोव्यात, बेळगावात?

वय वंदना कार्ड योजनेत असलेल्या कुठल्याही राज्यातल्या अंगीकृत रुग्णालयात चालतं. रुग्णालयाचं नाव आधी १४५५५ वर विचारून ठेवा, आजारी पडल्यावर नको.

गोव्याची स्वतःची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. ती उत्पन्नावर नसून पाच वर्षांच्या वास्तव्यावर आहे, म्हणून निवृत्त होऊन नुकतेच म्हापशाला राहायला गेलेल्यांना ती लगेच मिळत नाही. वय वंदनाला अशी अट नाही.

बेळगावचा किस्सा राजकारणाच्या अभ्यासक्रमात लावण्यासारखा आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं त्यावर तीव्र हरकत घेतली. सीमावाद इतकी वर्षं भाषेवरून चालला होता, आता त्यात हॉस्पिटलचं बिलही आलं.

१४. सत्तरच का? साठ का नाही? निवृत्ती तर अठ्ठावन्नला होते.

कारण पैसा. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरचे साडेदहा कोटींच्या आसपास होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के. आता त्याहून बरेच जास्त. वय सत्तरवर ठेवलं की संख्या निम्म्याहून खाली येते. सुरुवातीची तरतूद ३,४३७ कोटींची होती.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं २०२५ मध्ये वय साठवर आणावं आणि रक्कम दहा लाख करावी, अशी शिफारस केली. शिफारस बंधनकारक नसते. पण पुढच्या कुठल्या तरी निवडणुकीत 'साठ' हा आकडा येणार, यावर मी आमच्या कट्ट्यावर चहाची पैज लावलीय. मला विचारलं तर साठीच्या आधी गोळ्या द्या. साठीत बीपीची गोळी चुकवली की सत्तरीत तेच माणूस लकवा मारून या कार्डावर दाखल होतं, आणि तेव्हा सरकारचे कितीतरी पटींनी जास्त जातात.

१५. मेडिक्लेमचा हप्ता झेपत नाही. कार्ड आलंय, आता बंद करू का?

झेपत असेल तोवर करू नका. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की फसवणूक सोडून इतर कारणानं, 'आजार सांगितला नव्हता' म्हणून दावा नाकारता येत नाही. हा हक्क एकदा सोडलात की गेला. पासष्टीनंतर नवीन पॉलिसी न देण्याची जुनी अट एप्रिल २०२४ पासून निघालीय, पण सत्तरीत नव्यानं घ्यायचा हप्ता डोळे पांढरे करतो. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. अगदीच जड जात असेल तर विमा रक्कम कमी करून पॉलिसी जिवंत ठेवा.

१६. मुलगा अमेरिकेत आहे. तिथे मेडिकेअर पासष्टीला मिळतं म्हणे. आपल्याकडे तसं का नाही?

मेडिकेअर हा तिथला सरकारी आरोग्य विमा, १९६५ चा. नोकरीभर पगारातून कर कापला जातो, म्हणून पासष्टीला हक्कानं मागता येतं. तेही फुकट नाही: डॉक्टरांच्या भेटींच्या भागासाठी दरमहा हप्ता असतो. आपल्याकडे बहुतेकांची पगाराची पावतीच नसते, मग कापणार कशातून? ते कवच करातूनच उभं करावं लागतं.

एक महत्त्वाचं: व्हिसावर मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना मेडिकेअर मिळत नाही. ग्रीनकार्ड मिळालं तरी, तिथे नोकरी केलेली नसेल तर, सलग पाच वर्षं राहिल्यावरच हप्ता भरून आत येता येतं. आणि आपलं वय वंदना भारताबाहेर चालत नाही. प्रवासी विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका.

१७. सगळ्या म्हाताऱ्यांना फुकट दिलं तर सरकार बुडणार नाही का?

जपाननं हे करून बघितलंय. १९६० मध्ये सावाउची नावाच्या एका डोंगराळ गावानं म्हाताऱ्यांचा उपचार मोफत केला, १९६९ मध्ये टोकियोनं केला, मग इतर ठिकाणी रेटा वाढला आणि १९७३ मध्ये केंद्र सरकारनं देशभर सत्तरीवरच्यांना मोफत केलं. खालून वर जाणारी चढाओढ, आपल्या ओळखीची. दहा वर्षांत रुग्णालयं म्हाताऱ्यांनी भरली. त्यातले कित्येक आजारी कमी आणि घरी बघायला कुणी नाही म्हणून जास्त. १९८३ पासून थोडे थोडे पैसे घ्यायला सुरुवात झाली. देश बुडाला नाही. पण रुग्णालयाचा खर्च मोफत करून म्हातारपणाचा खर्च मिटत नाही, हे कळल्यावर २००० मध्ये त्यांनी देखभालीचा वेगळा विमा आणला, ज्यात चाळिशीपासून वर्गणी कापतात.

आपण त्या गोष्टीच्या १९७३ मध्ये आहोत.

१८. आईला स्मृतिभ्रंश आहे. दाखल करण्यासारखं काही नाही, पण चोवीस तास माणूस लागतं. वय वंदनामध्ये काही बसेल का?

नाही. न्यूमोनिया झाला, पडून हाड मोडलं, तर दाखल करून बसेल. घरच्या देखभालीला त्यात कलमच नाही.

सरकारी बाजूला आहे ते असं: ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग ठेवायचा आहे, तिथे औषधं मोफत मिळू शकतात. तुमच्या जिल्ह्यात तो कुठल्या वारी चालतो, हे जाऊनच विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राकडून मिळणारं वृद्धापकाळ पेन्शन साठ ते एकोणऐंशीपर्यंत महिन्याला २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५००. त्यात राज्य आपली भर घालतं. दिवसपाळीच्या बाईचे दोन दिवसही त्यातून निघत नाहीत.

हा प्रश्न विचारायला आलेल्या ताई स्वतः चौसष्टच्या होत्या, आई एक्क्याऐंशीच्या. मी बोलत होतो तोवर त्यांनी कार्ड पुन्हा प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि उठता उठता विचारलं, डायपरचे तरी?

तेही नाही.